पोलवरचा आकडा

(बांबूउडी हा मैदानी खेळांतला एक अवघड आणि देखणा प्रकार आहे. या खेळात खेळाडूचे बळ आणि वेग जितके महत्त्वाचे, तितकाच त्याच्या हातातला पोलही महत्त्वाचा असतो. हे पोल अनेक कंपन्या तयार करतात. त्यांतला चांगला कोणता आणि तो कसा ओळखावा, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, शाळेच्या क्रीडामहोत्सवात तुम्ही लांब उडी आणि उंच उडी पाहिली असेल. तुमच्यापैकी काहींनी त्यांत भागही घेतला असेल. बांबूउडी मात्र फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिली असेल. खेळाडू लांबलचक काठी हातात घेऊन वेगाने धावत येतो. काठीचे पुढचे टोक तो जमिनीत बसवलेल्या उतरत्या पेटीत रोवतो. काठी धनुष्यासारखी वाकते. पाहता पाहता खेळाडूचे पाय वर आणि डोके खाली होते. काठी सरळ होता होता त्याला वर उचलते. तो आडव्या दांडीवरून पलीकडे जातो आणि जाड गादीवर अलगद पडतो. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिसने अशी ६.२५ मीटर उंच उडी मारली आणि नवा जागतिक विक्रम केला. ६.२५ मीटर म्हणजे जवळजवळ दोन मजली घराची उंची!

या खेळाला मराठीत बांबूउडी म्हणतात. बांबू म्हणजे तुमच्या उर्दूतला 'बाँस'. पण गंमत अशी, की आजच्या बांबूउडीत बांबू नसतोच! नाव जुने राहिले आणि वस्तू बदलली. ती कशी बदलली, ते आधी पाहू.

एकोणिसाव्या शतकात या खेळासाठी जड लाकडाच्या काठ्या वापरत. त्या मजबूत होत्या, पण त्या घेऊन धावताना दम लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांबू आला. बांबू आतून पोकळ असतो, म्हणून तो हलका असतो. त्यामुळे खेळाडू अधिक वेगाने धावू लागले. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅम या खेळाडूने १९४० साली बांबूच्या पोलवर १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर उंची ओलांडली. तोपर्यंत हे कोणालाच जमले नव्हते. १९४२ साली तो ४.७७ मीटरपर्यंत पोहोचला. त्याचा हा विक्रम जवळजवळ १५ वर्षे टिकला.

बांबूनंतर धातूचे पोल आले. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डॉन ब्रॅगने अ‍ॅल्युमिनियमच्या पोलवर सुवर्णपदक जिंकले. पण धातूचा पोल फारसा वाकत नसे. खरा बदल झाला तो फायबरग्लासमुळे. फायबरग्लास म्हणजे काचेचे अतिशय बारीक धागे चिकट रसायनात बसवून तयार केलेला पदार्थ. काच म्हटली की आपल्याला फुटणारी वस्तू आठवते. पण हेच धागे रसायनात घट्ट बसले, की ते वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. १९६१ साली फायबरग्लासच्या पोलवर पहिल्यांदा जागतिक विक्रम झाला. १९६३ साली खेळाडूंनी ५ मीटरची उंची ओलांडली. १९८५ साली पॅरिसमध्ये सर्गेई बुबकाने ६ मीटरची उडी मारली. उडी संपल्यावर पडण्यासाठी मऊ गाद्या आल्या, त्याचाही या प्रगतीत मोठा वाटा आहे.

फायबरग्लासचा पोल काय करतो, ते समजून घ्या. खेळाडू धावतो तेव्हा त्याच्या वेगात ऊर्जा असते. पोल पेटीत रोवताच तो वाकतो आणि ती ऊर्जा आपल्यात साठवतो. मग सरळ होताना तीच ऊर्जा खेळाडूला परत देतो आणि त्याला वर उचलतो. पोल स्वतःची ऊर्जा देत नाही. तुम्ही जेवढे द्याल तेवढ्यातलेच तो परत करतो. जणू काही तो प्रामाणिक सावकारच! म्हणून ज्याची धाव मंद, त्याला जगातला सर्वांत महाग पोलही उंच नेऊ शकत नाही.

आता समजा, तुमच्या शाळेला पोल विकत घ्यायचा आहे. सर विचारतात, "कोणत्या कंपनीचा घ्यावा?" तुम्ही काय उत्तर द्याल?

जगात पोल तयार करणाऱ्या काही नावाजलेल्या कंपन्या आहेत. स्पिरिट, पेसर आणि एसेक्स हे अमेरिकेतले प्रसिद्ध मार्के आहेत. नॉर्डिक हा स्वीडनमधला मार्का आहे. डुप्लांटिस स्वीडनकडून खेळतो. पण तो पोल वापरतो अमेरिकेतला, स्पिरिट मार्क्याचा! यावरून लक्षात येते, की खेळाडू पोल निवडताना देश पाहत नाही. आपल्या अंगाला आणि आपल्या उडीला कोणता पोल मानवतो, ते तो पाहतो.

या पोलांत फरक कोणता? पहिला फरक साहित्याचा. काही पोल फक्त काचेच्या धाग्यांचे असतात. काहींत कार्बनचे धागेही घालतात. पेसर आणि एसेक्स या मार्क्यांत कार्बनचे पोलही मिळतात. कार्बनमुळे पोल हलका होतो. पाच मीटर लांबीची काठी उचलून धावताना तिचे पुढचे टोक सारखे खाली ओढत असते. पोल हलका असला, की ही ओढ कमी होते. पण येथे एक चूक होण्याचा संभव असतो. हातात हलका लागणारा पोल वाकायलाही सोपा असेल, असे नवख्या खेळाडूला वाटते. तसे मुळीच नाही. हलका पोलही अतिशय कडक असू शकतो.

दुसरा फरक बांधणीचा. पोल तयार करताना धाग्यांचे कापड एका लांब नळीवर गुंडाळतात आणि मग ते भट्टीत तापवून कडक करतात. त्यावर कापडाचा आणखी एक खास कापलेला तुकडा गुंडाळलेला असतो. त्याचा आकार शिडासारखा असतो. या तुकड्यामुळे पोलच्या मधल्या भागाला जास्त जाडी आणि बळ मिळते. हा तुकडा केवढा असावा आणि कोठे बसवावा, हे प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा पोल थोडा खालच्या बाजूला वाकतो, तर दुसरीचा थोडा वर. एक पोल पटकन सरळ होतो, तर दुसरा जरा सावकाश. एका खेळाडूला जो पोल आवडतो, तो दुसऱ्याला आवडेलच असे नाही. म्हणून 'अमुक कंपनीचा पोल सर्वांत चांगला' असे कोणी सांगितले, तर लगेच विचारा, "कोणासाठी चांगला?"

मग पोल निवडायचा कसा? त्यासाठी कंपनीच्या नावाआधी पोलवरचे आकडे वाचावेत. पोलवर मुख्यतः दोन आकडे असतात. पहिला आकडा लांबीचा, तर दुसरा वजनाचा. समजा, एका पोलवर '४ मीटर, ६० किलो' असे लिहिले आहे. हे ६० किलो म्हणजे पोलचे स्वतःचे वजन नव्हे! सुमारे ६० किलो वजनाच्या खेळाडूसाठी हा पोल आहे, असा त्याचा अर्थ. एकाच लांबीचे पोल वेगवेगळ्या वजनांसाठी मिळतात. दिसायला ते सारखेच दिसतात. फरक सांगतो तो फक्त आकडा.

हा आकडा न वाचल्यास काय होते? समजा, तुमच्या शाळेत दोन खेळाडू आहेत. एकाचे वजन ५० किलो आहे आणि दुसऱ्याचे ६५ किलो. दोघांसाठी मिळून शाळेने ५० किलोचा एकच पोल घेतला. ६५ किलोचा मुलगा त्यावर उडी मारू लागला, तर पोल प्रमाणाबाहेर वाकेल. तो मुलाला भलतीकडे फेकेल किंवा मोडूनही पडेल. आता याच्या उलट पाहा. शाळेने ६५ किलोचा पोल घेतला आणि तो ५० किलोच्या मुलाच्या हातात दिला. पोल पुरेसा वाकणारच नाही. मुलगा अर्ध्यावरच थांबेल आणि पुढे गादीवर जाण्याऐवजी मागे, धावपट्टीवर पडेल. दोन्ही वेळा कंपनी नामांकित होती, पोल नवा होता, पैसेही पुरेपूर मोजले होते. तरीही हातपाय मोडण्याची पाळी आली. अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या स्पर्धांत तर नियमच आहे, की खेळाडूचे वजन पोलवरच्या आकड्यापेक्षा जास्त असता कामा नये.

काही पोलांवर आणखी एक आकडा असतो. तो पोलचा लवचिकपणा सांगतो. पोलची दोन्ही टोके टेकूंवर ठेवतात. मध्यभागी ५० पौंडांचे, म्हणजे सुमारे २२.७ किलोचे वजन टांगतात. मध्यभाग किती सेंटिमीटर खाली गेला, ते मोजतात. तोच हा आकडा. समजा, सारख्याच लांबीच्या दोन पोलांपैकी एकाचा आकडा १८ आहे आणि दुसऱ्याचा २०. यांत कडक पोल कोणता? तुम्ही म्हणाल, २०. नाही, मुलांनो! १८ आकड्याचा पोल कमी वाकला, म्हणून तोच जास्त कडक. आकडा जितका लहान, तितका पोल कडक.

येथे आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. ही मोजणी सर्व कंपन्या तंतोतंत एकाच पद्धतीने करतात, असे नाही. म्हणून एका कंपनीचा १८ आणि दुसऱ्या कंपनीचा १८ सारखेच असतील, असे समजू नये. पायातल्या चपलांचे उदाहरण घ्या. एका कंपनीची सात नंबरची चप्पल पायाला नेमकी बसते. दुसऱ्या कंपनीची सात नंबरचीच चप्पल घट्ट होते. तसेच हे आहे. चप्पल घट्ट झाली तर फार तर पायाला फोड येईल. पोलच्या बाबतीत मात्र चूक महागात पडते. म्हणून मार्का बदलला, की अनुभवी खेळाडूही कमी धाव घेऊन, खालच्या उंचीवर आधी सराव करतो.

पकडीचाही संबंध असतो. तोच पोल वरच्या टोकाजवळ धरला तर जास्त वाकतो. थोडा खाली धरला तर तो जास्त कडक भासतो. म्हणूनच मोठ्या स्पर्धेत खेळाडू एक पोल घेऊन येत नाहीत. ते अनेक पोल आणतात. आडवी दांडी जसजशी वर जाते, तसतसे ते अधिक कडक पोल निवडतात. प्रत्येक पोलची त्यांना ओळख झालेली असते. एक पोल जरी हरवला, तरी सगळी घडी विसकटते.

ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचे उदाहरण पाहा. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोहोचली होती. पुढच्या उंचीसाठी तिला एक ठरावीक पोल हवा होता. तिने पोलांमध्ये शोधले, पण तो सापडेना! ती पंचांकडे धावली, मैदानभर शोधत फिरली. पोल मिळाला नाही. शेवटी तिला दुसरा पोल घेऊन उडी मारावी लागली. त्या स्पर्धेत ती दहावी आली. जवळ दुसरे पोल होते, पण 'तो' पोल नव्हता. मुरेर मात्र खचली नाही. २०११ साली दक्षिण कोरियातल्या देगू येथे तिने ४.८५ मीटर उडी मारली आणि ती जगज्जेती झाली.

पोलच्या मार्क्यावरून ऑलिंपिकमध्ये एकदा मोठा वादही झाला होता. अमेरिकेचा बॉब सीग्रेन १९६८ सालचा सुवर्णपदक विजेता होता. जुलै १९७२ मध्ये त्याने ५.६३ मीटरचा जागतिक विक्रम केला. पण त्याच वर्षी म्युनिकच्या ऑलिंपिकच्या तोंडावर 'कॅटापोल' या नव्या पोलवर बंदी आली. मध्येच ती उठली आणि ऐनवेळी पुन्हा लागू झाली. हा पोल सर्व देशांच्या खेळाडूंना पुरेसा आधीपासून मिळालेला नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. सीग्रेनला सवय नसलेल्या पोलवर उडी मारावी लागली. पूर्व जर्मनीच्या वोल्फगांग नॉर्डविगने ५.५० मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळवले. सीग्रेन ५.४० मीटरवर थांबला आणि त्याला रौप्यपदक मिळाले. १८९६ पासून ऑलिंपिकमधले या खेळाचे प्रत्येक सुवर्णपदक अमेरिकेने जिंकले होते. ती परंपरा त्या दिवशी तुटली.

तुम्हांला काय वाटते? सर्वांना न मिळालेला पोल काहींनीच वापरणे न्यायाचे आहे का? आणि खेळाडूच्या हातातला पोल ऐनवेळी काढून घेणे तरी न्यायाचे आहे का? दोन्ही बाजूंना काही अर्थ आहे. वर्गात यावर जरूर चर्चा करा. आजच्या नियमांनुसार पोल कोणत्याही पदार्थाचा, कितीही लांब आणि कितीही जाड असू शकतो. त्याचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत असावा लागतो.

पोल विकत घेतला म्हणजे काम संपले, असे नाही. त्याची निगा राखावी लागते. पोल सिमेंटवर आपटू देऊ नये. त्यावर खिळ्यांच्या बुटांचा पाय पडू देऊ नये. लहानसा ओरखडाही धोक्याचा असतो, कारण पोल वाकताना त्याच जागी मोडू शकतो. मुलांनो, आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. घरचा बांबू घेऊन, गादीशिवाय आणि शिक्षकांशिवाय ही उडी कधीही मारून पाहू नका.

तर मग सरांच्या प्रश्नाला काय उत्तर द्याल? "सर, कंपनी नंतर ठरवू. आधी खेळाडूंचे वजन करू, त्यांची धाव पाहू आणि मग पोलवरचा आकडा वाचू." बाजारातली कोणतीही वस्तू घेताना हे उत्तर उपयोगी पडेल. नाव मोठे आहे की लहान, हे दुकानदार सांगतो. वस्तू आपल्या मापाची आहे की नाही, हे आपणच पाहायचे असते.

शब्दार्थ

रोवणे – जमिनीत घट्ट बसवणे
अलगद – हळूच, इजा न होता
सावकार – व्याजाने पैसे देणारा
मार्का – कंपनीची खूण, छाप
मानवणे – योग्य वाटणे, सोसणे
नवखा – नवीन, अनुभव नसलेला
शीड – वारा भरण्यासाठी होडीला बांधलेले कापड
नामांकित – प्रसिद्ध
टेकू – आधार
लवचिक – सहज वाकणारा
तंतोतंत – अगदी बरोबर
निगा – काळजी

वाक्प्रचार

तोंडावर येणे – अगदी जवळ येणे
महागात पडणे – मोठे नुकसान होणे
घडी विसकटणे – ठरलेली व्यवस्था बिघडणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) बांबूला उर्दूत काय म्हणतात?
(२) बांबूचा पोल लाकडी काठीपेक्षा हलका का असतो?
(३) डुप्लांटिस कोणत्या मार्क्याचा पोल वापरतो?
(४) पोलवरचा वजनाचा आकडा काय सांगतो?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) लेखकाने पोलला 'प्रामाणिक सावकार' का म्हटले आहे?
(२) जड खेळाडूने कमी वजनाचा पोल वापरला तर काय होते?
(३) पोलचा लवचिकपणा कसा मोजतात?
(४) फाबियाना मुरेरच्या उदाहरणावरून तुम्ही काय शिकलात?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(कडक, गुळगुळीत, कार्बन, दहावी)
(१) ........ घातल्यामुळे पोल हलका होतो.
(२) लवचिकपणाचा आकडा जितका लहान, तितका पोल ........ असतो.
(३) बीजिंगमध्ये मुरेर ........ आली.
(४) पोलचा पृष्ठभाग ........ असावा लागतो.

प्र. ४. जोड्या लावा.
वॉर्मरडॅम – अ‍ॅल्युमिनियमचा पोल
डॉन ब्रॅग – ६ मीटर
बुबका – बांबूचा पोल
नॉर्डविग – म्युनिकचे सुवर्णपदक

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
हलका, कडक, जुना, महाग, पुढे

प्र. ६. भाषाभ्यास
पुढील वाक्ये वाचा.
(१) बांबू लाकडापेक्षा हलका असतो.
(२) धाव जितकी वेगवान, तितकी उडी उंच.
पहिल्या वाक्यात 'पेक्षा' लावून दोन वस्तूंची तुलना केली आहे. दुसऱ्या वाक्यात 'जितकी – तितकी' या शब्दांनी दोन गोष्टी जोडल्या आहेत. 'पेक्षा' आणि 'जितका – तितका' वापरून प्रत्येकी दोन वाक्ये तयार करा.

उपक्रम : घरातील कोणत्याही दोन कंपन्यांची एकच वस्तू घ्या. उदा., दोन साबण किंवा दोन वह्या. त्यांवरचे वजन, पाने, किंमत हे आकडे वाचून तक्ता तयार करा. कोणती वस्तू घेणे योग्य, ते कारणासह पाच वाक्यांत लिहा.